मधात कोन हाये?

तापल्या कथिलाचा आणि राळेचा वास आला की मला अजूनही संध्याकाळ झाल्यासारखे वाटते. अमरावतीच्या आमच्या इमारतीत तो शेजारच्या दारातून येई. दिगंबरभाऊ तिथे जुन्या राउटरांची पोटे उघडून बसलेले असत. वासापाठोपाठ त्यांचा प्रश्न येई : "ताई, मधात कोन हाये?"

मध्ये कोण आहे, हा प्रश्न ते कशाच्याही बाबतीत विचारत. वरूडहून माझ्या भावाने संत्र्यांची पेटी पाठवली, तेव्हा त्यांनी आधी तिचे खिळे निरखले.

"बागेतून निघाली, तुमच्या दारात आली. मधात कोन हाये?"

"ट्रकवाला."

"मंग ही संत्री तुमच्या भावाचीच, हे कशावरून?"

मी एक सोलून त्यांच्या हातावर ठेवले. खाल्ल्यावर संशय ओसरला. पण पुरता नाही, म्हणून त्यांनी आणखी दोन तपासली.

संगणकांच्या जाळ्यांची परीक्षा घेणे हा त्यांचा व्यवसाय. संस्था त्यांना रीतसर बोलावत आणि म्हणत, आमच्यात घुसून दाखवा. एकदा चहा गार होईस्तोवर त्यांनी मला ती विद्या समजावली.

"तुमाले वाटते, तुमी ब्यांकेशी बोलून राहिल्या. बोलून राहिल्या माह्याशी. तुमाले मी ब्यांक वाटतो, ब्यांकेले मी तुमी वाटतो. कुलूप दिसते बंद, अन् चिठ्ठी मी वाचून राहिलो. मनात आलं तं बदलूनही देतो."

"आणि कुणाला कळत नाही?"

"कळते ना. सही खोटी हाये म्हून पडद्यावर लाल अक्षरात लिहून येते. पन मानूस काय करते? 'पुढे जा' दाबते."

चांदूर बाजारच्या एका पतसंस्थेत साहेबांपासून शिपायापर्यंत सर्वांनी ते दाबले होते. त्या दिवशी दिगंबरभाऊ जेवले नाहीत. "चिठ्ठी निघाली तशीच पोचली पायजे, ताई. एक कानामात्रा बदलली तरी पाप हाये."

त्यांचे वडील, बापू, हिवरखेडला राहत आणि थोरले भाऊ वसंतराव अकोल्याला. वसंतरावांनी न विचारता बैलजोडी विकून ट्रॅक्टर आणला, तेव्हापासून बापूंनी त्यांच्याशी बोलणे टाकले होते. दोघांचेही फोन संध्याकाळी दिगंबरभाऊंना येत. अशात बापूंच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. लवकर काढला नाही तर नजर जाईल, असे डॉक्टरांनी बजावले. डॉक्टर अकोल्याचे, उतरायचे वसंतरावांच्याच घरी.

मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. हात कामात असले की दिगंबरभाऊ फोन स्पीकरवर ठेवत, त्यामुळे बापूंचा आवाज थेट माझ्या दोरीपर्यंत आला.

"सांग त्याले, आंधळा होईन, पन त्याच्या दारात पाय ठेवनार नाही."

दिगंबरभाऊंनी कथिलाचा डाग देणे थांबवले आणि अकोल्याला फोन लावला. "दादा, बापू म्हनते, वसंताले तरास होईन, म्हून येत नाही."

"आता आठवला काय तरास?" वसंतराव म्हणाले. "ट्रॅक्टरवर बसून या म्हन त्यायले."

पुन्हा हिवरखेड. "बापू, दादा म्हनते, कृपया या. तुमची बाज खिडकीपाशी टाकून ठेवली हाये, उन्हात."

'कृपया' हा शब्द त्या घराण्यात तोवर कुणी उच्चारला नसावा. सही खोटी असल्याची लाल अक्षरे याहून मोठी ती किती असणार? ओल्या टॉवेलचे पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले, तरी मी हलले नाही. पलीकडे बापू खाकरले.

"बरं. येतो म्हन."

मी कठड्यावरून वाकून विचारले, "दिगंबरभाऊ, मधात कोण आहे?"

त्यांनी ऐकलेच नाही असे दाखवून पंखा मोठा केला.

शस्त्रक्रिया होऊन बापूंचा डोळा उघडला. काही दिवसांसाठी गेलेले बापू अकोल्यातच रमले. पुढे पुढे शेजारून राळेचा वास तेवढा येई, फोनवरचा आवाज येईनासा झाला. एका संध्याकाळी मी संत्री घेऊन गेले. दिगंबरभाऊ फोन समोर ठेवून बसले होते. घंटीचा आवाज बंद तर नाही ना, हे बटण दाबून बघत होते. संत्री कुठून आली, हेही त्यांनी विचारले नाही.

"बापू आणि दादा बोलतात ना आता?" मी विचारले.

त्यांनी एक संत्रे सावकाश सोलले, अर्धे माझ्या हातावर ठेवले आणि हसून म्हणाले, "डायरेक्ट."