एकही गाडी नसलेला रस्ता

सोनाळ्याहून सातपुड्याच्या पायथ्याकडे जाणाऱ्या मुरमाच्या रस्त्यावर सकाळी सहा ते अकरा एकही गाडी येत नाही. हे उमैमाचं मत नव्हतं, मोजमाप होतं! भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलेली मुलगी नुसती मतं सांगत नसते. सलग तीन रविवार पळसाखाली बसून तिनं वहीत नोंदी केल्या होत्या. पहिला रविवार, शून्य. दुसरा रविवार, शून्य. तिसऱ्या रविवारी एक बैलगाडी आली. पण बैलगाडीला इंजिन नसतं. म्हणून तिला 'शेरा' या रकान्यात ढकलून उमैमानं तोही रविवार शून्यच धरला.

पुण्याच्या एका सायकल क्लबला जानेवारीतल्या मोठ्या फेरीसाठी असाच रस्ता हवा होता. चाकाखाली खडी, बाजूला जंगल, समोर डोंगर आणि कानाला हॉर्न नाही! क्लबच्या करिष्मा मॅडम आणि त्यांचा सहकारी कुलदीप रविवारी पाहणीला येणार होते. अट एकच. वाटेत पाचाहून जास्त गाड्या दिसल्या की रस्ता बाद. पसंत पडला, तर फेरीची मार्गप्रमुख उमैमा. नाही पडला, तर जूनमध्ये बी.एड. हे शेवटचं कलम क्लबचं नव्हतं, अम्मीचं होतं.

"पाच?" उमैमा फोनवर हसली. "मॅडम, पाच गाड्या दिसल्या तर मी डिग्री परत करते!"

इथपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध चाललं होतं. मग शनिवारी तिनं एक चूक केली. ती अब्बांशी बोलली.

अब्बांचं, म्हणजे गुलजारभाईंचं, स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान. तिथं ट्यूबमध्ये जेवढी हवा भरली जाते, त्याहून जास्त बातमीत भरली जाते.

"अब्बा, उद्या सकाळी डोंगराच्या रस्त्यानं कोणी गाडी नेऊ नका, एवढंच सांगा लोकांना."

"एवढंच सांगतो, बेटा."

आणि अब्बांनी खरंच एवढंच सांगितलं. पण सांगितलं रंगरावकाकांना! रंगराव म्हणजे संत्र्याच्या दोन बागा, दोन ट्रॅक्टर आणि आवरता न येणारी माया.

"गुलजारभाई, पाहुने पुन्याहून सायकलीनं येऊन राह्यले?"

"नाही हो. कारनं येतीन, मंग सायकलीवर बसतीन."

"कार असून सायकलीवर? काऊन?"

"शौक हाय त्यायचा."

"मंग डांबरी रस्त्यानं जा म्हना ना त्यायले!"

"डांबरी नको म्हनतात. खडीच पाहिजे."

स्वखुशीनं एवढे हाल करून घेणारी माणसं रंगरावांनी फक्त नवस फेडताना पाहिली होती. मग त्यांनी अब्बांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमी फिकर नका करू. पोरीच्या इज्जतीचा सवाल हाय. एक बी गाडी जाऊ देत नाही म्या!"

रविवार उजाडला. करिष्मा मॅडम आणि कुलदीपच्या सायकली पिसासारख्या हलक्या. रेसच्या सायकलीसारखं खाली वळलेलं हँडल आणि खडीवर धावतील असे रुंद टायर. उमैमाची सायकल अब्बांनी जुन्या चौकटीला रुंद टायर चढवून घडवलेली, आणि जरा कुरकुरणारी. पण पहिले नऊ किलोमीटर असे गेले की कुरकुरही गोड वाटावी! सागाची पानं चाकाखाली चुरचुरत होती. मोर रस्ता ओलांडून गेला, तोसुद्धा न ओरडता. कुलदीपच्या हँडलला गाड्या मोजायची पाटी होती आणि ती पाटी कोरी होती.

"किती शांत आहे हो!" मॅडम म्हणाल्या.

"तीन रविवारांची सरासरी शून्य आहे," उमैमानं नम्रपणे सांगितलं. तिला जमेल तेवढ्या नम्रपणे.

त्यानंतरच्या पहिल्या वळणावर मोटरसायकल आडवी लावून धम्मदीप उभा होता. उमैमाचा शाळेतला वर्गमित्र. गळ्यात शिट्टी!

"जा बिनधास्त! रस्ता मोकळा हाय!"

"धम्मदीप, तू इथं काय करून राह्यला?"

"गाड्या अडवून राह्यलो. रंगरावदादानं सांगतलं."

"कोणाच्या गाड्या?"

"कोनाच्याच नाही. सकाळपासून एक बी आली नाही!"

"मग ही कोणाची?"

"हे? हे माही हाय!"

कुलदीपनं पाटीवर एक रेघ मारली.

पुढच्या तीन वळणांवर तीन मोटरसायकली होत्या. म्हणजे आणखी तीन पहारेकरी, तीन शिट्ट्या आणि "मोकळा हाय, मोकळा हाय!" असा पुकारा. रेघा चार झाल्या. उमैमा मनातल्या मनात आकडेमोड करत होती. मर्यादा पाच, झाल्या चार. अजून जागा आहे!

मग जंगल थोडं मागं सरलं आणि कपाशीच्या शेतांमधला काळ्या मातीचा पट्टा आला. मॅडमनी खोल श्वास घेतला.

"वा! मातीचा वास येतोय. पाऊस झाला का इकडं?"

डिसेंबरात? "मॅडम, थांबा!" उमैमा ओरडली, पण मॅडम पट्ट्यात शिरल्या होत्या. चाक एकदा फिरलं, दोनदा फिरलं, तिसऱ्यांदा फिरायचं त्यानं नाकारलं. काळ्या मातीचे कण पाणी प्यायले की फुगतात आणि एकमेकांना धरून बसतात. यावर उमैमानं साठ पानांचा प्रबंध लिहिला होता. पण माती पाहुण्यांना धरून बसली तर काय बोलावं, याचं प्रकरण त्यात नव्हतं! पिसासारखी सायकल आता दोघांना उचलेना. चाकं जात्याएवढी जड झाली. कुलदीप चिखलातून बाहेर आला तेव्हा त्याच्या पायांत बूट होते की बुटांत शेत होतं, हे सांगता येत नव्हतं.

मागून आलेल्या धम्मदीपनं एक नजर टाकली आणि फोन लावला. "दादा, पाहुने फसले!"

दहा मिनिटांत ट्रॉलीसह ट्रॅक्टर हजर. वर रंगराव, चेहऱ्यावर समाधान.

"काका, इथं पाणी कोणी मारलं?"

"म्याच मारलं! पाच टँकर! फुफाटा लय उडते ना पोरी. पाहुन्यायच्या नाकातोंडात गेला असता."

कुलदीपनं पाचवी रेघ मारली. अट पाचाहून जास्तची होती. पाच म्हणजे अजून पास!

"काका, आता दुसरं कोणी येणार नाही ना?"

"कोन येते? सारे तं इथंच हायत."

तेवढ्यात समोरून हॉर्न वाजला. काकांचा दुसरा ट्रॅक्टर सहावा टँकर घेऊन येत होता.

पुढचं मोजणं कुलदीपलाही जमलं नाही. 'फसले' हा निरोप गावात पोचेपर्यंत 'पडले' झाला होता आणि स्टँडवर 'हातपाय मोडले'! मोपेडवर हवेचा पंप बांधून अब्बा आले. शेजाऱ्यांच्या जीपमधून हळदीचं दूध, पोह्यांचं पातेलं आणि दोन चादरी घेऊन अम्मी आली. वळणावरचे तिन्ही पहारेकरी जागा सोडून मदतीला धावले. एका गाडीपुरता रस्ता. दोन्ही बाजूंना नाली. समोर टँकर, मध्ये ट्रॅक्टर, मागं जीप!

"मांगं घे! मांगं घे ना बे!"

"मांगं जीप हाय!"

"जीप मांगं घ्या!"

"कशी घेऊ? मांगं बैलगाडी हाय!"

बैलगाडीवर निवृत्तीआजोबा शांत बसले होते. "चाळीस वर्सापासून जातो या रस्त्यानं," ते म्हणाले, "एवढी गर्दी काई पाहिली नाही बुवा!"

"मॅडम," कुलदीपनं विचारलं, "ट्रॅक्टर आणि ट्रॉली एक धरायची की दोन? आणि बैलगाडी?"

"शेरा," उमैमा क्षीण आवाजात म्हणाली.

शेवटी टँकरच्याच पाण्यानं सायकली धुतल्या गेल्या. अम्मीनं धडधाकट पाहुण्यांना हळदीचं दूध पाजूनच सोडलं. मॅडम ट्रॉलीत बसून पोहे खात होत्या आणि काका त्यांच्या मांडीवर संत्र्यांचा ढीग रचत होते. निघताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "बुधवारी कळवते." त्या आवाजात चढ नव्हता आणि उतारही नव्हता.

तीन दिवस उमैमा बी.एड.चं माहितीपत्रक वाचत होती. बुधवारी ती अब्बा आणि रंगरावकाकांसोबत दुकानात बसली असताना फोन वाजला. तिनं संदेश मोठ्यानं वाचला.

"रस्ता मंजूर! त्या दिवशीची सगळी वाहनं आमच्याच काळजीपोटी आली होती, म्हणून ती रहदारीत धरलेली नाहीत. पुण्यात आम्ही चिखलात पडलो असतो तर मागच्यानं फक्त हॉर्न वाजवला असता. साठ सायकलस्वार येतील. सोबत कुटुंबांच्या दोन बस, एक रुग्णवाहिका, सायकलींचा ट्रक आणि चार जीप. एका फोनवर वळणावळणावर माणसं उभी करणारा माणूस आम्हाला आजवर मिळाला नव्हता. तेव्हा मार्गप्रमुख, श्री. रंगराव. आणि गाड्या मोजण्याची आवड लक्षात घेऊन पार्किंगप्रमुख, कुमारी उमैमा."

"प्रमुख तं झाली ना!" अब्बा खूश झाले. "तुह्या अम्मीले सांगतो, बी.एड. रद्द!"

रंगरावकाका बाकावरून उठले. पदाच्या भारानं त्यांचा चेहरा गंभीर झाला होता.

"पोरी, मार्गप्रमुखाले काय करा लागते ओ?"

उमैमानं दोन्ही हात जोडले. "काका, पाया पडते. त्या दिवशी तुम्ही काहीच करायचं नाही. अजिबात, काही म्हणजे काहीच नाही!"

"हाव, समजलं." काकांनी मान डोलावली, जरा विचार केला आणि खिशातून फोन काढला.

"काईच न करायले मानसं किती लागतीन?"