गंगारामकाकांचं मडकं

सोमवारी सकाळी सहा वाजता विश्वजितने गच्चीवर जाऊन बार्बेक्यूच्या शेगडीतल्या राखेत थर्मामीटर खुपसला, तेव्हा पारा एकसष्टवर जाऊन थांबला. वरून राख पांढरी, मऊ, अगदी निष्पाप दिसत होती. पण राख उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. पोटातला निखारा ती दोन-दोन दिवस पांघरूण घालून जपते. शिरवण्याच्या एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत दिवसभर रंगांचे नमुने तपासणाऱ्या विश्वजितला हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की दहा माणसांसाठी पेटवलेला कोळसा एका माणसाला पुरून किती उरतो.

उलव्यातल्या त्या इमारतीत फ्लॅट छप्पन्न होते आणि संध्याकाळी दिवे लागायचे चौदांत. आठ महिन्यांत विश्वजितची खरी ओळख झाली होती ती लिफ्टशी. ती निदान 'सातवा मजला' असं तोंडावर सांगायची. म्हणून बदली होऊन निघालेल्या एका कुटुंबाकडून त्याने ही शेगडी विकत घेतली, दहा किलो कोळशाची गोणी आणली आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'रविवारी संध्याकाळी सहाला गच्चीवर या. मका, पनीर, वांगी भाजू.' दोन अंगठे आले. त्यातला एक सेक्रेटरी धनाजीरावांचा, आणि त्याखाली सूचना: 'गच्ची वापरा. पण सोमवारी सकाळी आठच्या आत राख हलवा. वाऱ्याने लोकांच्या पापडांवर उडते.' दुसरा अंगठा चुकून दाबला गेला होता. तो थोड्या वेळाने काढून घेण्यात आला.

बोलावलेल्या ऑफिसातल्या तिघांपैकी एकाच्या मुलाला ताप आला, एकाकडे पाहुणे आले आणि तिसऱ्याने मेसेज वाचून ठेवला. विश्वजित आठ वाजेपर्यंत कणसं उलटीपालटी करत आणि खाडीपलीकडून उतरणारी विमानं मोजत बसला. सतरा विमानं आणि अडीच कणसं झाल्यावर उरलेलं अर्धं कणीस त्याने विझत आलेल्या निखाऱ्यांत फेकलं आणि तो खाली गेला.

तर आता ही एकसष्ट अंशांची राख. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरावी तर पिशवी वितळणार. कचऱ्याच्या डब्यात टाकावी तर डबा पेटणार. पाणी ओतावं तर राखेचा क्षार होऊन शेगडीचा पत्रा खाणार. घरात एकच भांडं असं होतं की जे ना वितळेल ना जळेल: आईने दही लावायला कोरेगावहून पाठवलेलं मातीचं मडकं. त्याने ते राखेने भरलं. राख उडू नये आणि हवाही कोंडू नये म्हणून तोंडावर सुती कापड बांधलं. सुती कापड घरात एकच होतं, चटणीच्या बरणीला आईने गुंडाळलेलं लाल फडकं. आत निखारा असेल तर बंद खोलीत विषारी वायू साठायचा, म्हणून मडकं घरात ठेवण्यात अर्थ नव्हता. दाराबाहेर जमिनीवर ठेवावं तर एखादं पोर हात घालायचं. म्हणून त्याने ते पॅसेजच्या खिडकीच्या जाळीला, डोक्याच्या उंचीवर, सुतळीने टांगलं. अठ्ठेचाळीस तास, म्हणजे तिसऱ्या दिवशी राख थंड होणार होती. प्रत्येक पायरी तर्काला धरून होती. समाधानाने हात झटकून तो कामाला गेला.

संध्याकाळी सातव्या मजल्यावर लिफ्ट उघडली तेव्हा मडक्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत धनाजीराव बसले होते. वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याचा व्यापार करणारा हा माणूस एरवी बसलेला कुणी पाहिला नव्हता. शेजारी समोरच्या फ्लॅटमधल्या गोजराकाकू, हातात झाकलेलं ताट. धनाजीराव उठले आणि त्यांनी विश्वजितच्या खांद्यावर हात ठेवला. आठ महिन्यांत त्याला कुणी हात लावला असेल, तर तो मॉलच्या दारातल्या सिक्युरिटीवाल्याने.

"आमाला सांगायचं तरी होतंस," धनाजीराव म्हणाले. "गच्चीवरचा बेत का मोडला ते आज कळलं. आमी काय मेलो होतो?"

"काय सांगायचं होतं?"

धनाजीरावांनी नुसती मान वर केली. विश्वजितनेही केली. मातीचं मडकं, लाल फडकं, घराच्या उंबऱ्याबाहेर, जमिनीला न टेकवता टांगलेलं. सकाळी त्याला त्यात फक्त राख दिसली होती. आता संध्याकाळच्या उन्हात त्याला त्यात अस्थी दिसल्या.

"नाही हो, ती तर..." त्याने सुरुवात केली.

"आधी दोन घास खा," गोजराकाकूंनी ताटावरचं फडकं काढलं. पिठलं, भाकरी, फोडलेला कांदा. "कडू घास म्हनत्यात ह्याला. मयताच्या घरात चूल पेटवत न्हाईत. शेजाऱ्यानं करून घालायचं आसतंय. उपाशी आसशील सकाळधरनं."

तो उपाशी नव्हता. दुपारी कॅन्टीनमध्ये त्याने बिर्याणी खाल्ली होती. पण गरम भाकरीचा वास नाकात शिरला. उघडलेल्या तोंडातून जे वाक्य बाहेर पडायला निघालं होतं, ते मागे फिरलं.

"कोन होतं रे?" धनाजीरावांनी विचारलं.

"काका," विश्वजित म्हणाला. आई, वडील, बहीण, कुणालाही मारायची त्याची तयारी नव्हती. सख्खा काका त्याला नव्हताच.

"नाव काय त्यांचं?"

त्याची नजर चपलांच्या रॅकशेजारच्या गोणीवर गेली. गोणीवर ठळक अक्षरांत छापलं होतं: 'गंगाराम आणि मंडळी, अस्सल लाकडी कोळसा'.

"गंगारामकाका."

"वय?"

"एकाहत्तर."

"मुलंबाळं?"

"कुणी नाही. एकटेच असायचे. कुणी फारसं जायचं-यायचं नाही त्यांच्याकडे." एवढं मात्र त्याला रचावं लागलं नाही.

त्या संध्याकाळी त्याच्या घरात अकरा माणसं येऊन गेली. खुर्च्या दोनच होत्या, म्हणून लोक आपापल्या घेऊन आले. कुणी दूध ठेवलं, कुणी केळी. सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेली त्रेचाळीस चित्रं जमली. विश्वजितने ती दोनदा मोजली. त्याच्या आमंत्रणावर त्याच ग्रुपवर एक अंगठा टिकला होता.

जाता जाता धनाजीराव म्हणाले, "उद्या तिसरा दिवस. सहाला गाडी काढतो. खाडीवर जाऊन राख पाण्यात सोडू. मार्केट काय, राहील एक दिवस."

खोटं बोलून पिठलं खाणं वेगळं आणि एका भल्या माणसाला कोळशाच्या राखेपुढे हात जोडायला लावणं वेगळं. उद्या हे कळलं, तर आज आलेल्या अकरांतला एकही परत या दारात येणार नव्हता. न कळलं तर येणार होते, पण कोळशाच्या गोणीचं सांत्वन करायला. ताट परत करायच्या निमित्ताने त्याने काकूंचं दार वाजवलं.

"काकू, एक खरं सांगायचंय. त्या मडक्यात शेगडीची राख आहे. कुणी गेलेलं नाही."

काकूंनी त्याच्या हातातलं ताट घेतलं. आत टीव्ही चालू होता. त्याच्यासमोर एकच खुर्ची होती.

"व्हतं बाबा असं," त्या शांतपणे म्हणाल्या. "आमचं मालक गेलं तवा मी पंधरा दिस दोन ताटं वाढत व्हते. मन घेत न्हाई. जा, निज."

दार लागलं. विश्वजित पॅसेजमध्ये उभा राहिला. विधान खरं होतं, साक्षीदार प्रत्यक्षदर्शी होता, पुरावा समोर टांगलेला होता, तरी निष्कर्ष फेटाळला गेला होता. प्रयोगशाळेत असं कधी झालं नव्हतं.

मंगळवारी सकाळी त्याने सवयीने राखेत थर्मामीटर घातला. एकोणतीस. राख ठरल्यापेक्षा लवकर थंड झाली होती. तेवढं एक गणित त्याच्या बाजूने चुकलं.

खाडीच्या काठाला ओहोटीचा चिखल होता. धनाजीरावांनी चपला काढल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि त्याच्याबरोबर पाण्यात उतरले. काकू काठावर उभ्या राहिल्या. राख पाण्यात गेल्यावर पाण्याची क्षारता किती वाढेल आणि भरती तिला किती वेळात पुसेल, याचा हिशेब विश्वजित मनात करत होता, कारण दुसरं काही मनात येऊ देणं धोक्याचं होतं. त्याने फडकं सोडलं, मडकं पालथं केलं. राखेचा करडा ढग पाण्यावर पसरला. आणि त्या ढगातून, एका बाजूने काळं पडलेलं अर्धं कणीस वर आलं आणि डुलत डुलत तरंगू लागलं.

तिघांनीही ते पाहिलं.

विश्वजितने डोळे मिटले. झालं ते बरं झालं, त्याला वाटलं. आता शिव्या खायच्या, आणि परत लिफ्टशी बोलायचं.

"काकांना मका आवडायचा?" धनाजीरावांनी हळूच विचारलं.

"...हो."

"चितेत ठेवला तुमी." धनाजीरावांनी बाहीने डोळे पुसले. "आमच्या वडलांच्या आमी चंची ठेवली होती. तंबाखूची. सगळं जळलं, पन अडकित्ता तेवढा राहिला. अजून आहे माझ्याकडे. कुनाला दाखवला नाही कधी."

ते एवढं बोलले आणि विश्वजितला रडू फुटलं. कुणासाठी, हे त्याला सांगता आलं नसतं. एकाहत्तर वर्षं एकट्याने काढलेल्या, कधीही जन्माला न आलेल्या त्या म्हाताऱ्याची त्याला मनापासून दया आली. धनाजीरावांनी त्याला जवळ घेतलं. कणीस ओहोटीबरोबर खाडीच्या तोंडाकडे निघून गेलं.

परतताना गाडीत धनाजीराव म्हणाले, "तेरावं गावाला?"

"गावाला त्यांचं कुणी नाही."

"मग गच्चीवर करू. मी बगतो."

तेराव्याच्या जेवणाला अडतीस माणसं आली. इमारतीतल्या चौदाच्या चौदा घरांतून. धनाजीरावांच्या पत्नी राजेश्वरीवहिनींनी लापशी केली. आणि गेलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ पानात पडायला हवा, हे सगळ्यांना मान्य असल्यामुळे मार्केटमधून मक्याचं एक पोतं आलं. ते भाजायचं कशावर, हा प्रश्न निघाला, तेव्हा कुणालातरी गच्चीच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेली शेगडी दिसली.

"अरे, तुझ्याकडे हे आहे?" चौथ्या मजल्यावरचा मिथुन म्हणाला. "कधी बोलला नाहीस, यार! आपण कधीच पार्टी केली असती."

विश्वजित कणसं भाजत होता. कुणी वारा घालत होतं, कुणी लिंबू चोळत होतं. वरून विमानं जात होती. मोजायला त्याला सवड नव्हती.

"मी बघितलंय हो त्यांना," राजेश्वरीवहिनी कणीस खाता खाता कुणाला तरी सांगत होत्या. "लिफ्टमध्ये. पांढरा सदरा, टोपी. एकदम शांत माणूस. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"मला तर एकदा नमस्कार केलेला," मिथुन म्हणाला.

अंधार पडायच्या सुमाराला माणसं पांगली. शेगडीत पांढरी राख राहिली, आणि शेजारी पालथ्या बादलीवर गोजराकाकू. विश्वजितने खुरपं हातात घेतलं आणि राख भरायला भांडं शोधू लागला. काकूंनी पदराखालून झाकणाचा एक जुना पत्र्याचा डबा काढला आणि त्याच्यापुढे सरकवला.

"ह्यात भर. मडक्यात नगं. पुन्यांदा एखादा काका जायचा."

विश्वजितच्या हातातलं खुरपं तसंच राहिलं.

"काकू... तुम्हाला कधी कळलं?"

"तू सांगितलंस तवाच. मी काय भैरी हाय? आन् गोनी व्हती की दारात. मला वाचता येतं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

काकूंनी खाडीकडे पाहिलं. "चार भाकऱ्या थापल्या व्हत्या मी तुझ्यापायी. दोन वर्सांत पीठ मळलं नव्हतं. एकटीला कोन थापत बसतंय? पाव खाते मी, च्यासंगं." मग त्या म्हणाल्या, "धनाजीला सांगू नगंस. लई दिसांनी त्यानं बापाचं नाव काढलं."

विश्वजित खाली बसला. राख डब्यात भरू लागला. मधे कुठेतरी एक निखारा लाल डोळा उघडून मिटला.

"त्या तुझ्या गंगारामची गोनी किती राहिलीया?" काकूंनी विचारलं.

"दोन किलो असेल. का?"

"आमच्याकडं मानूस गेलं की वरीसभर म्हैन्याच्या म्हैन्याला मासिक घालत्यात. जेवायला समदी येत्यात. पुरंल का तेवढी?"

विश्वजितने मनात गणित मांडलं. एका वेळचा कोळसा चार किलो, महिने बारा, वजा हातातले दोन किलो. उत्तर त्याने पुन्हा एकदा पडताळून पाहिलं.

"नाही पुरणार, काकू," तो म्हणाला. "अजून पाच गोण्या लागतील."