आवाजांची वही

“विमानाला घाबरायचं नसतं, विमान समजून घ्यायचं असतं!” असं नकाशेबाईंनी जाहीर केलं, तेव्हा त्या हॉलमध्ये जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्या रांगांत मांडून, पोटाला ओढणी आवळून बसल्या होत्या. शेजारी पाच वर्षांची लेक, भिंगरी. मागच्या रांगेत सासूबाई, आणि सासूबाईंच्या मांडीवर संकटकाळी उघडायचा दरवाजा म्हणून भाजी चिरायची फळी!

“अगं, उडालं की नाही अजून? माझा कुकर लावायचाय,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, उड्डाणाच्या वेळी उठायचं नसतं!”

नकाशेबाई हे कचेरीनं ठेवलेलं नाव. लोकांच्या सहली आखून द्यायचं त्यांचं काम. कुठल्या स्टेशनात गाडी किती मिनिटं थांबते, कुठल्या घाटात डावीकडे बसलं की दरी दिसते, सगळं तोंडपाठ. स्वतःच्याही पायाला चाकं! रेल्वे, बस, बोट, एकदा तर कोबीच्या टेम्पोत बसून एक धबधबा गाठलेला. बुडाखाली जमीन किंवा निदान पाणी असलं की बाई खूश. पण हवेचं नाव काढलं की बाई रेल्वेचं वेळापत्रक उघडायच्या! तीन तासांच्या विमानाऐवजी बेचाळीस तासांची रेल्वे पकडायच्या, आणि वर सांगायच्या, “बाहेरचं बघायला मिळतं ना!”

या वेळी मात्र पळवाट नव्हती. नवरा वर्षभराच्या कामासाठी समुद्रापलीकडे गेला त्याला आठ महिने झाले होते. तिकडे रेल्वे जात नाही याची नकाशेबाईंनी तीनदा खात्री करून घेतली होती. बोट जायची, पण फक्त सिमेंटची. आणि भिंगरी रोज फोनच्या पडद्यावर बापाच्या नाकाला बोट लावून विचारायची, “बाबा, तू खरा कधी होणार?”

तर जायचं ठरलं. आता खरी धास्ती विमान पडण्याची नव्हती. म्हणजे, ती होतीच! पण तिच्याहून मोठी दुसरी होती. नकाशेबाईंना तशी कुत्र्यांचीही भीती वाटायची. जन्मात एक कुत्रं चावलं नव्हतं की मागे लागलं नव्हतं. पण लहानपणी त्या आईच्या कडेवर असायच्या आणि कुत्रं दिसलं की आईचा दंड दगडासारखा व्हायचा. तो दगड तसाच यांच्या अंगात येऊन बसला होता. भीती बोलून शिकवावी लागत नाही, ती कातडीतून कातडीत उतरते, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून एकच पण केला : आपल्या विमानाच्या भीतीचा एक थेंबही पोरीच्या अंगात उतरता कामा नये. तिनं जगभर उडावं. सिमेंटच्या बोटीची चौकशी करत बसू नये!

त्यासाठीच ती वही. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरकाकांकडे दहा संध्याकाळी बसून बाईंनी विमानाचे सगळे आवाज लिहून घेतले. काकांची उभी हयात पाणीपुरवठ्याच्या पंपांत गेली होती, पण ते म्हणाले, “यंत्र ते यंत्र!” आणि रात्र रात्र वाचून त्यांनी माहिती जमवली. एकूण तेवीस आवाज निघाले, प्रत्येकाला नंबर. भिंगरीनं ते पाढ्यांसारखे पाठ केले.

सासूबाईंना घरी ठेवून दोघी निघाल्या. प्रत्यक्ष विमानात बाईंनी मोठ्या उदारपणे खिडकी लेकीला दिली, स्वतः मधे बसल्या आणि कडेला एक पैलवान येऊन बसला. दंड असे, की खुर्चीचे दोन्ही हात दिसेनासे झाले. पण कपाळावर घाम! मागच्या रांगेत जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक आजी होत्या.

विमान अजून जमिनीवरच होतं, तेवढ्यात त्याच्या पोटातून आवाज आला. भुक्क! भुक्क! भुक्क!

बाईंच्या दृष्टीनं याहून वाईट काय असणार! विमान ते विमान, आणि त्यात कुत्रं!

“दोन नंबर!” भिंगरी आनंदानं ओरडली. “तेलाचा पंप!”

पैलवानानं मान वळवली. “ताई, तुम्ही विमानखात्यात आहात का?”

‘नाही’ म्हणायला तोंड उघडावं लागतं. बाईंची दातखीळ बसली होती. तितक्यात विमानानं धक्का देऊन चाल धरली, आणि बाईंची मान खाली-वर झाली. पैलवानाच्या चेहऱ्यावर अशी शांती पसरली, की तोंडातून नकार काढायचा बाईंना धीर होईना.

“इंजिनिअर आहेत!” तो मागे वळून आजींना म्हणाला.

आजींनी त्यांच्या मागे सांगितलं. बातमी तीन रांगांत तपासनीस झाली, सहा रांगांत मुख्य तपासनीस, आणि शेपटीपर्यंत पोचली तेव्हा हे विमान नकाशेबाईंनीच बनवलं होतं!

विमान सुटलं. पाठ खुर्चीला चिकटली, जमीन सुटली, खालून धाडकन काहीतरी आपटलं.

“ताई?” पैलवान.

“चार नंबर,” बाई डोळे मिटून म्हणाल्या. “चाकं पोटात घेतली.”

“चाकं पोटात घेतली!” आजींनी मागे कळवलं.

मग एकाएकी इंजिनाचा आवाज मंदावला. विमान जणू हवेत विचारात पडलं. आणि नकाशेबाईंना जाणवलं, की आसपासच्या चाळीस डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलंय. टाय लावलेले साहेब, नवं जोडपं, एक मिशीवाला निवृत्त फौजदार! सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, जणू परीक्षेचा निकाल ऐकायला थांबलेत.

“पाच नंबर. मोठा चढ संपला, इंजिन जरा दम खातंय,” त्या म्हणाल्या.

अख्ख्या विमानानं श्वास सोडला! बाई थक्क झाल्या. आपल्याच तोंडून निघालेल्या शब्दांनी फौजदाराच्या मिशा खाली येतात म्हणजे काय! शिवाय हे एवढे सगळे लोक, इतक्या इस्त्रीचे कपडे घालून, आपल्याइतकेच घाबरलेले असतात?

पट्टे बांधायचे दिवे विझल्यावर हवाईसुंदरी वाकून म्हणाली, “मॅडम, तुम्ही बोललात की आम्हाला बोलवायच्या घंट्या वाजायच्या थांबतात. बोलत राहा हं!” आणि सरबताचा जादा पेला ठेवून गेली.

सगळं सुरळीत चाललं होतं. आणि डोक्यावरून आवाज आला.

घुर्रर्रर्र... टर्रर्र... घुर्रर्रर्र.

भिंगरीनं आईकडे पाहिलं. पैलवानानंही पाहिलं. बाईंनी वही उघडली. एक ते तेवीस पाहिलं. मग मागून पुढे पाहिलं. हा आवाज वहीत नव्हता!

“ताई?” पैलवानानं त्यांचं मनगट पकडलं. मनगट मोडलं नाही, हे बाईंचं नशीब. “ताई, बोला ना!”

“बोलत का नाहीयेत त्या?” आजी किंचाळल्या. “माझ्या मुलाला चिठ्ठी लिहू का?”

भिंगरीचा हात बाईंच्या हातात होता. आणि बाईंना कळलं, की आपला दंड कडक होतोय. दगड! तोच दगड, आता पुढच्या हातात उतरायच्या बेतात! काहीतरी थाप मारावी का? चोवीस नंबर? पण पोरगी टक लावून बघत होती, आणि थाप मारताना आपला हात काय सांगेल याचा भरवसा नव्हता.

“मला माहीत नाही,” नकाशेबाई म्हणाल्या. “चला, बघूया कुठून येतोय.”

आणि त्या उठल्या! सहली आखणाऱ्या बाई, जमिनीपासून दहा किलोमीटरवर, स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. सामानाच्या कप्प्यांना कान लावत निघाल्या. मागे पैलवान, त्याच्या मागे फौजदार, त्याच्या मागे घाबरीघुबरी हवाईसुंदरी. वरात तीन रांगा पुढे गेली, तीन रांगा मागे आली आणि बाईंच्याच डोक्यावर थांबली. हवाईसुंदरीनं कप्पा उघडला.

बाईंचीच पिशवी! तिच्यात नवऱ्यासाठी घेतलेलं दाढीचं मशीन आपोआप सुरू झालं होतं आणि खडूंच्या पत्र्याच्या डब्याची दाढी करत होतं!

मग भिंगरी जी खदखदून हसली, तिच्यामागे विमानच्या विमान हसत सुटलं. फौजदार तर डोळे पुसत होते.

“ऐका हो!” नकाशेबाई म्हणाल्या. आता लपवायचं काय उरलं होतं! “मी इंजिनिअर-बिंजिनिअर नाही. मी सहली आखते. विमानात पहिल्यांदा बसलेय, आणि मला भयंकर भीती वाटते!”

“अहो, मग हे कशाला सांगितलंत!” पैलवान कळवळला. “किती निर्धास्त बसलो होतो मी!” आणि त्यानं पुन्हा मनगट पकडलं.

बाई खाली बसल्या. सगळा पण धुळीला मिळाला होता. त्यांनी भीत भीत लेकीकडे पाहिलं.

“तू घाबरतेस, मला माहितीय,” भिंगरी म्हणाली.

“कधीपासून?”

“घरातल्या विमानापासून. तू माझा हात दाबायचीस ना! आपली घरची आजी म्हणाली, आईला सांगू नकोस, नाहीतर ती उतरून जाईल.”

“आणि तुला? तुला वाटते भीती?”

“मला वेळ कुठाय? मी बघतेय ना!”

“काय बघतेयस?”

“ये, दाखवते. घाबरलीस तर माझं बोट धर.”

नकाशेबाईंनी बोट धरलं आणि खिडकीकडे झुकल्या.

आयुष्यभर त्यांनी ढगांची फक्त खालची बाजू पाहिली होती. ही वरची! पिंजलेल्या पांढऱ्या पठारावर ऊन सांडलं होतं, आणि त्यावरून त्यांच्याच विमानाची इवलीशी सावली पळत होती. सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य. अख्खं, न तुटलेलं! मग ढग फाटले आणि खाली एक नदी दिसली. डोंगरातल्या धाग्यापासून समुद्रातल्या तोंडापर्यंत, एकाच नजरेत. ती नकाशातल्यासारखीच वळत होती. हुबेहूब! वीस वर्षं निळ्या पेन्सिलीनं गिरवलेली वळणं खरी निघाली होती. विमानं नव्हती तेव्हा ज्या माणसांनी ती पायी मोजून काढली, त्यांना ती इथून न बघता कळली तरी कशी? बाईंनी काचेला नाक लावलं. त्यांनी पोरीचं बोट कधी सोडलं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

“आई, माझ्या मांडीवर बसू नको ना!”

“दोनच मिनिटं गं, सरक जरा!”

सहा नंबर ते तेवीस नंबर सगळे आवाज वाजून गेले. चाकं टेकली, टाळ्या पडल्या, पैलवानानं मनगट परत केलं. लोक उठले, सामान काढलं, गेले. शेवटी हवाईसुंदरी येऊन उभी राहिली.

“मॅडम, विमान उतरलंय. सगळेच उतरलेत. आता झाडूवाले येतील.”

पाठीला दप्तर अडकवून भिंगरी केव्हाची ओढणी ओढत होती. “आई, चल ना! बाबा बाहेर थांबलाय!”

“आले गं,” काचेवरचं नाक न काढता नकाशेबाई म्हणाल्या, “ते बघ, बॅगा उतरवतायत! तेवढं बघू दे!”

भिंगरीनं हवाईसुंदरीकडे पाहिलं आणि मोठ्या माणसासारखा सुस्कारा सोडला.

“सॉरी हं,” ती म्हणाली. “पहिल्यांदाच आलीय ना ती!”