दुसऱ्या खंडाच्या वजनाचा प्रबंध

२०११च्या भूकंपात जपानमधल्या त्सुकुबा शहरातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातली पुस्तकं जमिनीवर आली. कुणालाही इजा झाली नाही, कारण तिसऱ्या मजल्यावर वाचायला कुणी आलेलंच नव्हतं. तरीही समिती नेमली गेली आणि तिने एकच ध्येय ठरवलं: यापुढे पुस्तक पडता कामा नये.

आधी प्रत्येक फळीला पट्टा लागला. मग लक्षात आलं की एक पुस्तक काढलं की फट राहते, आणि फट राहिली की शेजारची सैल होतात. म्हणून नियम झाला: जे पुस्तक न्यायचं, त्याच जाडीचं आणि वजनाचं दुसरं त्या जागी ठेवावं. तेव्हापासून एकही पुस्तक पडलं नाही, आणि एकही वाचलं गेलं नाही.

पुण्याहून तिथे शिकायला आलेल्या विभा परचुरेला नेमका त्याच मजल्यावरचा एक ग्रंथ हवा होता. अठराव्या शतकात एका हौशी इंग्रज गृहस्थाने जुनी इंग्रजी काव्यं गोळा करून छापली, त्याचा दुसरा खंड. मूळ हस्तलिखितं उंदरांनी कुरतडलेली. गेलेल्या ओळींच्या जागी गृहस्थाने स्वतःच्या ओळी घुसडल्या का, हा विभाच्या पीएचडीचा विषय होता. शिष्यवृत्ती मार्चअखेर संपत होती.

"मोरिता-सान, मी इथेच बसून वाचते," ती ग्रंथपालांना म्हणाली.

"अवश्य वाचा," मोरिता-सान वाकून म्हणाले. "बदली पुस्तक आणलंत का?"

घरातलं पाककृतींचं पुस्तक हलकं भरलं, जपानी शब्दकोश जाड. शेवटी नवऱ्याने, सत्यजितने तोडगा काढला. "अगं, तुझा थीसिसच बाइंड करून ठेव ना. त्याचं वजन आपल्या हातात आहे."

"पुस्तक वाचल्याशिवाय थीसिस कसा लिहू?"

"इथे लिहिल्याशिवाय वाचायला मिळत नाहीये. जरा प्रॅक्टिकल हो!"

विभा प्रॅक्टिकल झाली. गृहस्थाने ओळी घुसडल्याच असणार. त्या काळचे लोक तसलेच, असं सगळे म्हणतात. कुठे आणि कशा घुसडल्या, तेही तिने रचून दाखवलं. प्रकरणं स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली गेली. पाचवं हलकं भरलं, तेव्हा तळटीपा वाढवल्या. परीक्षकांनी 'निर्भीड संशोधन' म्हणून पाठ थोपटली. मूळ खंड त्यांनीही पाहिला नव्हता. बदली पुस्तक त्यांच्याकडे तरी कुठे होतं? पदवी मिळाली. प्रबंध फळीत चपखल बसला आणि समाधानाने मोरिता-सान पुन्हा वाकले.

मग विभाने खंड उघडला. उंदरांनी खाल्लेल्या जागी नुसती टिंबं होती. खाली गृहस्थाची टीप: 'येथील ओळी मिळाल्या नाहीत. पदरच्या घालणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही.'

 विभाला मनापासून लाज वाटली.

"मोरिता-सान, प्रबंध दुरुस्त करायचाय. सगळं चुकलंय."

"अवश्य करा. फक्त परत आणताना वजन तेवढंच असू द्या. फळी आता त्याच्या आधारावर उभी आहे."

खरं तेवढंच ठेवलं तर प्रबंधाचं एक पान उरत होतं. एका पानाने फळी सैल झाली असती आणि पुढच्या भूकंपात कुणाच्या तरी डोक्यात पुस्तकं पडली असती. तेव्हा सार्वजनिक सुरक्षिततेचा विचार करून विभा गप्प बसली. हल्ली ती पुण्यात संशोधनातल्या सचोटीवर व्याख्यानं देते.

तुम्ही तिला नावं ठेवाल. खुशाल ठेवा. फक्त त्याआधी तुमचा स्वतःचा प्रबंध काट्यावर ठेवा, आणि त्यातलं खरं तेवढं ठेवून पुन्हा तोलून पाहा.