इब्राहिमभाईंचा कॅम्प

आमच्याकडे, म्हणजे पेण ते रोहा या पट्ट्यात, रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचं असेल तर आधी इब्राहिमभाईंच्या मुलाखतीत पास व्हावं लागतं. बँकेचं कर्ज त्यापेक्षा लवकर मिळतं. पेणच्या एका नावाजलेल्या वकिलांना त्यांनी पहिल्याच फेरीत घरी पाठवलेलं मी पाहिलं आहे.

"तुमी सुट्टीवर गेलात तर याच्या जेवनाचं काय?" इब्राहिमभाईंनी विचारलं.

"गणपतीत गावी जातो. शेजारी बघतील की."

"शेजाऱ्याचं नाव?"

वकिलांना नाव आठवेना. वर्षानुवर्षं भिंतीला भिंत लागून राहणारा माणूस, पण आठवेना.

"विझा रिजेक्ट," असं म्हणून इब्राहिमभाईंनी पिल्लू उचललं आणि आत नेलं.

इब्राहिमभाईंची उमेदीची सगळी वर्षं गल्फमध्ये गेली. तिथे एका कंपनीच्या लेबर कॅम्पचे ते कॅम्प बॉस होते. म्हणजे कामगारांच्या खाटा, पाणी, जेवण, भांडणं आणि संडास यांचे सर्वेसर्वा. नोकरी संपवून परत आले आणि गडब गावाजवळच्या आमच्या शेल्टरमध्ये दाखल झाले. शेल्टर म्हणजे एक बंद पडलेली पोल्ट्री. अनघा नावाच्या जनावरांच्या तरुण डॉक्टरने ती भाड्याने घेतली आणि हायवेवर ठोकरलेली, कुणीतरी सोडून दिलेली कुत्री-मांजरं तिथे ठेवायला सुरुवात केली. तिला वाटलं, एक रिटायर गृहस्थ रोज तासभर मदत करतील. इब्राहिमभाई सकाळी आठला यायचे ते दिवेलागणीला जायचे. नमाजाचे कपडे वेगळ्या पिशवीत, कामाचे कपडे खिळ्याला. त्यांनी एक दिवस सुट्टी घेतलेली कुणाला आठवत नाही.

आल्या आल्या त्यांनी पिंजऱ्यांना बेड नंबर दिले. अनघाने ठेवलेली ब्रूनो, कोको, प्रिन्सेस वगैरे नावं त्यांनी रद्द केली नाहीत, पण वापरलीही नाहीत. "बारा नंबरला जुलाब हायेत." "सात नंबर सकाळपास्नं भुकला नाय, बघा जरा." कुत्रं दत्तक जाणं म्हणजे त्याला विझा लागणं. आणि दत्तक घेणारा तो कफील. गल्फमध्ये ज्या मालकाच्या नावावर माणूस कामाला जातो त्याला कफील म्हणतात, हे ते प्रत्येक नव्या माणसाला समजावून सांगत.

"चांगला कफील आनि वाईट कफील विमानतळावर सारखाच दिसतो, ताई," ते मला म्हणाले होते. "म्हनून घर बघायला जायचं."

वाईट कफील सगळ्यात आधी पासपोर्ट काढून घेतो. म्हणून लसीचं कार्ड मालकाच्या हाती द्यायला त्यांचा सक्त विरोध. "पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडं." कार्डाची घडी घालून ते प्लास्टिकच्या पिशवीत शिवत आणि कुत्र्याच्या पट्ट्याला बांधत. बहुतेक कुत्री ते कार्ड घरी पोचायच्या आत खाऊन टाकत. मग अनघा गुपचूप मालकांना दुसरं लिहून द्यायची.

दान देणाऱ्यांचीही सुटका नव्हती. लोक वाढदिवसाला बिस्किटांचे पुडे घेऊन येतात, कुत्र्याला एक भरवतात, मोबाइल पुढे धरतात. इब्राहिमभाई त्यांच्या हातात आधी खराटा द्यायचे. "ड्युटी पयली, फोटो नंतर." बिस्किटं ते स्वतः चहात बुडवून खायचे आणि देणाऱ्याला सांगायचे, "पुढच्या वेळी कणी आना तांदळाची. हळद आना. जुनी गोनपाटं आना. बिस्किटानं खरूज वाढते." लोक चिडायचे, पण पुढच्या वेळी कणी आणायचे. डोलवीच्या कंपनीतली काही मुलं शिफ्ट सुटल्यावर यायची. त्यांना त्यांनी इथेही शिफ्ट लावून दिल्या. एकाने तक्रार केली, "चाचा, तिकडं सुपरवायझर, इकडं तुमी. आमी जायचं कुठं?" चाचांनी त्याला सांगितलं, "आंघोळीच्या हौदाकडं जा. नऊ नंबर वाट बघतोय."

आता मी यात कशी, ते सांगते. माझा पेणला पापडाचा छोटा कारखाना आहे. कुत्र्यांबद्दल मला विशेष प्रेम नाही, तेव्हाही नव्हतं. पापड वाळत घालायच्या मांडवाखाली एक कुत्री व्याली, बायका कामाला यायला घाबरू लागल्या, म्हणून मी अनघाला फोन केला. तिने एका तासात सगळं बिऱ्हाड उचलून नेलं. कुणी काम करून दिलं की आपणही काहीतरी करावं, एवढं साधं माझं गणित. माझ्याकडे माल पोचवायची व्हॅन आहे आणि रविवारी ती उभीच असते. बाकीचे शेल्टरला प्रेम देतात, मी व्हॅन देते. घरं तपासायला जाताना इब्राहिमभाई माझ्या शेजारच्या सीटवर बसतात आणि कुत्री मागे ताडपत्रीवर.

तर हे सगळं छान चाललं असताना म्हातारी आणि काळू आले.

डोलवीच्या रस्त्यावर एक चहाची टपरी होती, ट्रकवाल्यांची. रुंदीकरणात ती उठली आणि तिथली दोन कुत्री उघड्यावर पडली. आई दोन्ही डोळ्यांनी आंधळी. मुलगा ऐन जवान, काळाभोर, देखणा. ती त्याच्या बरगडीला नाक लावून चालायची. तो थांबला की थांबायची, वळला की वळायची. ट्रकच्या गर्दीतून त्याने तिला असंच जगवलं होतं.

काळूला मागणी चिक्कार. म्हातारी कुणालाच नको. इब्राहिमभाईंनी जाहीर केलं, "ही फॅमिली विझाची केस हाय. जातील तर दोघं जातील."

एकेक करून त्यांनी सहा घरं घालवली. शेवटी अनघाने त्यांना माझ्यासमोरच बसवलं. ती गोड बोलते, पण मऊ नाही.

"चाचा, माझ्याकडे पिंजरे मोजके आहेत. काळू जागा अडवून बसला की हायवेवरचं एक कुत्रं हायवेवरच राहतं. रविवारी रोह्याचं घर बघून या. त्यांनी दोघांना घेतलं तर उत्तम. नाही तर काळूला तिथे ठेवून यायचं. म्हातारीला मी सांभाळीन, ती उपाशी नाही मरणार."

माझं मत विचाराल तर अनघाचं बरोबर होतं. मी तसं म्हणालेही. इब्राहिमभाई "सिस्टीम तुमची हाय" एवढंच म्हणाले आणि रविवारी दोघांना घेऊन व्हॅनमध्ये बसले.

रोह्याचं घर एका निवृत्त शिक्षक जोडप्याचं. कंपाउंड, आंब्याची सावली, माणसं शांत. इब्राहिमभाईंनी पाण्याचा हौद पाहिला, फाटकाची कडी हलवून पाहिली, शेजाऱ्यांची नावं विचारली. सरांनी चारही बाजूंच्या शेजाऱ्यांची नावं आडनावासकट सांगितली. पैकीच्या पैकी मार्क.

"मग दोघांना उतरवू?" इब्राहिमभाई म्हणाले.

"दोघांना?" सरांच्या पत्नीने व्हॅनमध्ये वाकून पाहिलं. "अहो, आंधळ्या कुत्रीचं आम्ही या वयात काय करणार?"

"तुमी काय नाय करायचं. तो करतो तिचं."

"तसं नको. याला द्या, आम्ही पोटच्या पोरासारखा ठेवू. ती तुमच्याकडे आहे ना, खाऊनपिऊन सुखी राहील."

"व्हय," इब्राहिमभाई म्हणाले, "खाऊनपिऊन मी पन होतो तिकडं."

बाईंना काही कळलं नाही. मलाही तेव्हा वाटलं, हे काहीतरी गल्फचं पुराण सुरू होणार. मी अनघाला फोन लावला. ती म्हणाली, "ठरल्याप्रमाणे करा, ताई." मी सीटवरची काळूची दोरी घेतली आणि व्हॅनचं मागचं दार उघडायला गेले, तर इब्राहिमभाई दाराला पाठ लावून उभे.

"बाजूला व्हा, इब्राहिमभाई."

"म्हातारी पन उतरंल, नायतर दोघं परत."

"अनघाने काय सांगितलं होतं?"

"सांगितलं. मी ऐकलं. मी नाय करनार."

साठी उलटलेल्या माणसाला रोह्याच्या रस्त्यावर ओढून बाजूला करता येत नाही. मी त्या शिक्षक जोडप्याची माफी मागितली आणि गाडी वळवली. नागोठण्यापर्यंत मी त्यांना जे बोलायचं ते बोलून घेतलं. चांगलं घर घालवलंत. अनघाला आता काय तोंड दाखवायचं. उद्या ती काळूला दुसऱ्या कुणाबरोबर पाठवेलच, तेव्हा कुठल्या दाराला पाठ लावाल. ते खिडकीबाहेर बघत होते.

ऊन रणरणत होतं. मागे म्हातारी धापा टाकायला लागली आणि आमचं पाणी संपलेलं. नागोठणं ओलांडल्यावर खाडीकडे उतरणारा रस्ता आला. इब्राहिमभाईंचं गाव याच रस्त्याला, हे मला ऐकून माहीत होतं.

"तुमच्याकडे पाणी घेऊ आणि जाऊ."

"नको ताई. पुढं हॉटेलात घेऊ."

मी तोवर गाडी वळवली होती.

घर चांगलं दुमजली, गल्फच्या कमाईतलं, मागे नारळ-सुपारीची वाडी. इब्राहिमभाईंनी चपला काढल्या, एका बाजूला नीट लावल्या आणि स्वतःच्या घराची बेल वाजवून उभे राहिले. दार नुसतं लोटलेलं होतं. तरी उभे राहिले.

त्यांची बायको जुलेखाभाभी बाहेर आली. उंच, सरळ बाई, डोक्यावरून पदर. नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आज लवकर?" आणि मला म्हणाली, "ये गो बाय, बस." आम्ही दोघं पुढच्या खोलीत खुर्च्यांवर बसलो. मी टेकून बसले. इब्राहिमभाई कडेला, गुडघ्यावर हात ठेवून. भाभीने ट्रेमधून पाणी आणलं, दोघांना सारखेच नक्षीचे ग्लास. मग दारात थांबून तिने नवऱ्याला विचारलं, "चायत साखर किती घालू?"

"घाल तुझ्या मनासारखी," इब्राहिमभाई म्हणाले.

गल्फमधून परत येऊन त्यांना पाच-सहा वर्षं झाली असतील. मी ग्लास खाली ठेवला. कॅम्पातल्या प्रत्येक कुत्र्याला किती घास लागतात हे तोंडपाठ असलेला हा माणूस दिवसभर गडबला का असतो, ते मला आता विचारायची गरज उरली नाही.

चहा आला. मला गप्प बसता येत नाही, आणि तोंडदेखलं तर मुळीच बोलता येत नाही. मी भाभीला सकाळपासूनची सगळी हकीकत सांगितली. आंधळी आई, मुलगा, सहा घरं, रोह्याचं सातवं, आणि हे दाराला पाठ लावून उभे.

"वेगळं नाय करनार म्हनाले?" भाभीने विचारलं.

"हो."

"हे म्हनाले?"

"हेच."

ती नवऱ्याकडे बघत राहिली. नवरा बशीत बघत राहिला. मग तिने पाण्याचं घमेलं भरलं आणि आमच्या आधी व्हॅनपाशी गेली. मी दार उघडलं. काळू उडी मारून उतरला, म्हातारीला मी उचलून खाली ठेवलं. तिने हवेत नाक फिरवलं, त्याची बरगडी शोधली आणि त्याच्याबरोबर घमेल्यापर्यंत गेली. भाभी पदर तोंडाशी धरून बघत होती.

"वाडीत वानरं उतरतात," ती म्हणाली, मला की आणखी कुणाला, कळलं नाही. "पपई ठेवीत नाय, शहाळं ठेवीत नाय. हा हाकलील?"

"हा ट्रकला भ्यायला नाही, वानरांना काय भिणार," मी म्हणाले.

"मग ऱ्हाऊ दे. ही पन ऱ्हाऊ दे."

इब्राहिमभाईंनी मान वर केली. "कुत्री, जुलेखा. तुझ्या घरात."

"घरात नाय. मागच्या पडवीला. राखनीचं कुत्रं आपल्यात चालतं, माझ्या बापाकडं होतं. तुमी कदी विचारलंत?"

"घर तुझं हाय. मी काय विचारनार?"

"विचारून तरी बघायचं." तिने घमेल्यात आणखी पाणी ओतलं. "पन आंधळ्या जनावराजवळ दिवसा मानूस लागतो. मला वाडी हाय, सयपाक हाय. माझ्याच्यानं व्हनार नाय. तुमी बसायचं."

"दिवसभर?"

"मग काय रात्रीचं?"

इब्राहिमभाईंना कफील मंडळींची उलटतपासणी घेण्याचा दांडगा अनुभव. पण इथे ते नुसती मान हलवत होते. काळूने वाडीच्या कुंपणापर्यंत जाऊन वास घेतला, म्हातारी त्याच्या मागोमाग.

मी अनघाला कळवलं. ती म्हणाली, "आणि संध्याकाळची कामं कोण करणार?" मी सांगितलं, मी येते, पापडाचं पीठ उद्या मळता येईल.

गाडीत बसले, चावी फिरवली, तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. इब्राहिमभाई. पायात चपला, हातात ती नमाजाच्या कपड्यांची पिशवी. सवयच ती.

"निघू या? बारा नंबरचं औषध ऱ्हायलं हाय."

त्यांच्या मागे, पडवीत, भाभी दोन खुर्च्या सावलीत ओढत होती.

"गाडीत जागा नाही," मी म्हणाले.

त्यांनी वाकून मागे पाहिलं. ताडपत्री आणि पाण्याचा रिकामा कॅन, याशिवाय काही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि बाहेरून दार लावलं.