भालकीकर काकांचं बिनअंड्याचं सॅलड

भालकीकर काका पाल्याला रंग द्यायचे. गंमत म्हणून सांगत नाही. एक इंची कोरा ब्रश, डाव्या तळव्यावर धुऊन पुसलेलं लेट्यूसचं पान आणि समोर वाटीत काहीतरी पांढरट. वरून खाली एक हात, मग डावीकडून उजवीकडे दुसरा हात. मग ते पान गच्चीतल्या दोरीवर काकूंच्या परकराशेजारी चिमट्याला टांगायचं आणि चष्मा कपाळावर सरकवून बघत उभं राहायचं. पानाच्या टोकाला थेंब जमला की काका मान हलवत. "बसला नाही मियाँ. ओघळ आला. पुन्हा."

मियाँ म्हणजे मी. बँकेने माझी पुण्याहून हैदराबादला बदली केली आणि नारायणगुड्यात मला जे घर मिळालं त्याच्या बरोबर डोक्यावर भालकीकर राहत होते. काका मूळचे भालकीचे, लहानपणी उर्दू शाळेत शिकलेले आणि पुढचं सगळं आयुष्य हैदराबादेत काढलेले. त्यांची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा हा गृहस्थ माझी टर उडवतोय अशीच माझी समजूत झाली. "काय करायलास मियाँ? परेशान दिसायलास. वर ये की, चाय पिऊन जा." पुणेकराला कोणी इतक्या चटकन चहा विचारला की तो आधी संशय घेतो. मीही घेतला. तो अगदीच खोटा नव्हता, कारण चहाच्या आधी बशीत पान आलं.

काकांची सगळी नोकरी एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली होती. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळून ते एकजीव कसं ठेवायचं हा त्यांचा विषय, आणि जगातली प्रत्येक गोष्ट ते त्याच विषयात ओढून आणत. भातावरचं वरण म्हणजे पहिला हात, तूप म्हणजे दुसरा. पिठलं आळलं नाही की बाइंडर कमी पडला. माझं लग्न नवीन होतं. आमचा आवाज चढलेला वर ऐकू गेला की दुसऱ्या दिवशी मला जिन्यात गाठून म्हणत, "प्रायमर सुकू द्यायचा असतो मियाँ. घाई केलीस."

हे जे पानाला लागतं ते सीझर सॅलडचं ड्रेसिंग, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तोवर आमच्या लेखी सॅलड म्हणजे काकडी-टोमॅटोच्या चकत्या आणि ताटलीच्या कडेला लिंबाची फोड. परदेशी कंपन्यांना दारं नुकतीच उघडली होती, घरोघरी केबल आलं होतं, पण लेट्यूस अजून मोठ्या हॉटेलांतून बाहेर पडलं नव्हतं. काकांनी त्या हॉटेलांना भाजी पुरवणारा यादगिरी शोधून काढला. तो दर खेपेला विचारायचा, "ये घास कायकू लेरे साब? बकरी पाले क्या?" काका गंभीरपणे सांगत, "बकरी नै, बेगम है."

ऑलिव्हचं तेल तर तेव्हा किराण्याच्या दुकानात मिळायचंच नाही. ते मिळायचं औषधाच्या दुकानात, इवल्याशा बाटलीत, तान्ह्या बाळाच्या मालिशसाठी. काकांनी कोठीतल्या एका दुकानात एकदम सहा बाटल्या मागितल्या. दुकानदार खूश झाला. "मुबारक हो साब! कित्ते दिन का है बच्चा?" काका म्हणाले, "बच्चा नै, पत्तों को लगाना है." दुकानदाराने पुढे काही न विचारता बाटल्या कागदात गुंडाळून दिल्या. त्या बाटल्या जिन्यात आमच्या शेजारच्या कुलकर्णीबाईंनी पाहिल्या आणि काकांची लातूरला दिलेली लेक बाळंतीण झाली असं परस्पर ठरवून टाकलं. संध्याकाळी त्या डिंकाचे लाडू घेऊन वर हजर. काकांनी खुलासा करायच्या आधी एक लाडू खाल्ला आणि दाद दिली, "बाइंडर फर्स्ट क्लास!"

सगळ्या प्रयोगांचा निकाल इंदुकाकूंच्या हातात असायचा. ठेंगणी, ठसठशीत बाई. एकादशी, चतुर्थी, काही चुकायचं नाही. अंड्याच्या संशयावरून इराण्याच्या हॉटेलातलं बिस्किटसुद्धा त्यांनी कधी तोंडात घातलं नाही. काका बशी पुढे करत आणि परीक्षेला बसलेल्या मुलासारखे उभे राहत. काकू एक घास खात, छताकडे बघत आणि सांगत, "हौ, बरं आहे. पण हॉटेलातल्यासारखं नाही." एकदा काकांनी पावाचे तुकडे तुपात इतके सुरेख लाल तळले, की काकू म्हणाल्या, "आता यात दूध-साखर घाला आणि डबल का मीठा करून टाका. निदान पोटभर तरी खाऊ."

तोपर्यंत बिल्डिंगमध्ये काकांची ख्याती कवडीचुंबक म्हणून पसरली होती. बायको बिचारी एवढी आशेने म्हणते, हे सॅलड खाल्लं त्या हॉटेलात पुन्हा एकदा जाऊ या, आणि हा माणूस घरी पाला रंगवत बसतो! काकांच्या तोंडी ठरलेलं उत्तर असे, "लुटतात तिथं. घरी करतो की." मलाही ते खटकायचं. एका रविवारी मी गच्चीत गेलो तेव्हा काका डब्यातलं चीज किसून कुरडयांसारखं धोतरावर वाळत घालत होते. इटलीतलं कडक चीज मिळत नाही म्हणून हा उद्योग. शेजारी कावळ्यांसाठी काठी. मी म्हटलं, "काका, एवढा खटाटोप करण्यापेक्षा एकदा घेऊन जा ना काकूंना."

काकांनी आधी जिन्याचं दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "त्यात अंडं असतं मियाँ. कच्चं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कारखान्याचा परदेशी कंपनीशी करार झाला तेव्हा साहेबांनी मोठ्या हॉटेलात सगळ्यांना बायकांसकट जेवायला बोलावलं. काकू बाहेर पाणीही पीत नसत, पण नवऱ्याचा मान म्हणून आल्या. टेबलावरच्या एकेका पदार्थाकडे संशयाने बघत त्या शेवटी या पानांपाशी थांबल्या. म्हणाल्या, पालाच आहे, याला काय होतंय. एकदा घेतलं, पुन्हा घेतलं, मग तिसऱ्यांदा बशी घेऊन स्वतः उठल्या.

"तीस वर्षांत ती बाहेर अशी जेवलेली मी बघितली नव्हती," काका म्हणाले. "रिक्षात घरापर्यंत त्याचंच बोलत होती. आणि दुसऱ्या दिवशी लॅबमधला एक जण सांगतो, त्यात अंड्याचा बलक असतो. मी सरळ हॉटेलात जाऊन विचारून आलो. हौ म्हणाले. अंड्याशिवाय ते होतच नाही म्हणाले."

"मग काकूंना सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? ज्याला आयुष्यात शिवली नाहीस ते माझ्या मानापायी खाल्लंस, आणि तीनदा खाल्लंस?" काकांनी काठी आपटून एक कावळा उडवला. "तीच चव तिला बिनअंड्याची खाऊ घालायची आहे. एकदा म्हणू दे, हीच ती. मग मी सुटलो."

त्या दिवसापासून मी त्यांना हसणं सोडलं. पूर्ण नाही, पण बरंचसं. अंड्याच्या जागी काय घालावं यावर आमच्या बैठका होऊ लागल्या. वाटलेले काजू झाले, ते जड झाले. साय झाली, ती लिंबाने फाटली. मग दह्याचा चक्का. बेगम बाजारातून आणलेली मोहरी काका स्वतः पाट्यावर वाटत, डोळ्यांतून पाणी काढत, आणि तिच्यावर थेंब थेंब तेल सोडत रवी फिरवत. जमतंय जमतंय म्हणता म्हणता तेल वेगळं होई आणि वरून "फुटलं!" अशी आरोळी आमच्या घरात ऐकू येई. माझी बायको भाजी ढवळता ढवळता म्हणायची, "जा, तुमचं फुटलं."

दिवाळी होऊन गेली होती. एका सकाळी मला वरून हाक आली ती वेगळ्याच आवाजात. काका दोरीसमोर उभे होते. टांगलेल्या पानावर लेप साटिनसारखा बसला होता. ओघळ नाही, थेंब नाही. मी घास घेतला. लसूण, मिरी, लिंबाचा आंबटपणा, मागून मोहरीचा झणका, वाळलेल्या चीजचा खारेपणा, आणि मध्येच पावाचा कुरकुरीत तुकडा. मी मोठ्या हॉटेलात कधी जेवलो नव्हतो, पण यापेक्षा चांगलं काही तिथे मिळत असेल यावर माझा विश्वास बसेना.

काका बशी घेऊन आत गेले. काकूंनी घास घेतला. छताकडे बघितलं. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ बघितलं.

"थोडं राहिलं," त्या म्हणाल्या.

काका रवी धुवायला गच्चीतल्या नळावर गेले. मला मात्र राहवेना. मी स्वयंपाकघरात जाऊन काकूंना म्हटलं, "काकू, यात काय राहिलंय? कमाल करता तुम्ही. केवढे झटतात ते! एकदा हो म्हणायला काय जातं?"

काकू बशीतली पानं निवांत खात होत्या. "काही नाही राहिलं," त्या म्हणाल्या. "दसऱ्याच्या आधीच झालं होतं ते. त्या हॉटेलापेक्षा चांगलं."

मी ओट्याला टेकलो.

"बैस. आणि अंड्याचं मला माहीत आहे. मागं दुपारी केबलवर एक गोरा दाखवला. तीच पानं, तेच पावाचे तुकडे, आणि मेल्यानं त्यात अंडं फोडलं की! हे खुर्चीत घोरत होते. मी उठून डोक्यावरून पाणी घेतलं, पुढची एकादशी निर्जळी केली. देवाशी माझं मिटलं."

"मग काकांना का नाही सांगत? त्यांना सुटायचंय हो यातून."

"सुटायचंय, कळतं मला. पण सुटून जायचं कुठं?" काकूंनी बशी खाली ठेवली. "तू आलास त्याच्या आधीची गोष्ट. करार झाला आणि वर्षात यांची लॅब बंद केली. रंगाचं सगळं तिकडून तयार येणार, तुम्ही घरी बसा म्हणाले. हे रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत उभे राहायचे. कारखान्याची बस खालून जाते ना, ती बघायला. आणि बसमधल्यांनी यांना बघू नये म्हणून माझ्या वाळत घातलेल्या साडीच्या मागं उभे राहायचे. बस गेली की आत येऊन झोपायचे. दिवसभर. मला भीती वाटायला लागली रे. मग मीच एकदा म्हटलं, त्या हॉटेलात जाऊ या. तर घाबरून म्हणाले, घरी करतो. ज्या दिवशी कोठीला तेल आणायला गेले ना, त्या दिवशी बस कधी गेली ते त्यांना कळलंसुद्धा नाही."

गॅलरीतल्या त्या साडीमागे उभे असलेले काका माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

बाहेर आलो तर काका दोरीपाशी उभे होते. खांदे पडलेले. त्यांनी पान चिमट्यातून काढून माझ्यासमोर धरलं.

"मियाँ, तू तरी खरं सांग. माझ्या तर काही लक्षात येईना. काय कमी आहे?"

मी पान हातात घेतलं. उन्हाकडे धरलं. एक कोपरा तोडून तोंडात टाकला आणि काकूंसारखं वर बघितलं.

"मोहरी," मी म्हटलं. "मोहरी जरा जुनी वाटते, काका."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "वाटलंच मला! त्या बेगम बाजारवाल्यानं मागचा माल गळ्यात मारला. हात बसला, पण झणका नाही. हौ, हौ, बरोबर!" चष्मा कपाळावरून नाकावर आला. "आत्ताच जातो. येतोस? दुकानं उघडली असतील. अगं, पिशवी कुठंय?"

"दाराच्या मागं आहे हो!" आतून काकूंचा आवाज आला.

पिशवी खरंच तिथे होती. सकाळीच धुऊन, वाळवून, घडी घालून काकूंनी ती खिळ्याला अडकवून ठेवली होती.