तांब्याची सुट्टी

उमरग्याच्या कॉलेजात श्रियाने सकाळी आठ वाजता काचेच्या चंबूत रसायन चढवलं आणि वर चिठ्ठी डकवली: 'बूच उघडू नये. हवा लागली की सगळं बाद.' अॅक्रिलेटचे बारके रेणू एकामागे एक जोडून सारख्या लांबीच्या साखळ्या करायच्या होत्या. चंबूत फिरणाऱ्या चुंबकी दांडीवर गुंडाळलेली तांब्याची तार त्यांना शिस्त लावणार होती. मात्र ठीक बाराला थांबवायचं. उशीर झाला की साखळ्या एकमेकींत अडकणार. पीएचडीचा हा शेवटचा प्रयोग होता आणि रसायनही एवढंच उरलं होतं.

मधल्या वेळात लोहाऱ्याला जाऊन वडिलांच्या गिरणीची खंडेनवमीची पूजा उरकावी, असा तिचा बेत होता. पूजा वेळेत उरकली. परतीची जीप मात्र जागची हलेना.

"अहो, चला की लवकर!"

"ताई, गाडीचीबी पूजा हाय. हार येऊ द्या," जीपवाला शिवशरण शांतपणे म्हणाला.

हार आला, तर नारळ विसरलेला. नारळ आला, तर जीपचे मालक जेवायला गेलेले. श्रियाने प्रयोगशाळेचे शिपाई शरणबसप्पा यांना सात फोन केले, त्यांनी एकही उचलला नाही. "गेली माझी पीएचडी!" ती रडवेली होऊन म्हणाली. जीपमध्ये शेजारी बसलेल्या आजींनी तिच्या हातावर पेढा ठेवला.

दोन वाजता ती धापा टाकत प्रयोगशाळेत शिरली. दांडी फिरवणारं यंत्र बंद होतं. चंबूला झेंडूचा हार, बुचाला कुंकू, आणि तारेसकट दांडी रसायनाच्या वर, बाहेरून लावलेल्या चुंबकामुळे काचेला चिकटलेली.

"मामा! हे काय केलंत?"

"आज हत्याराला सुट्टी असती, म्याडम," शरणबसप्पा म्हणाले. "पान्याला दिली, पक्कडला दिली. तांब्यानंच काय पाप केलं? पर चिठ्ठी वाचली म्या. बूच न्हाय उघडलं, भायेरनं चुंबक लावून वर वढलं."

"किती वाजता?"

"आरतीला. बाराला."

तार वर आली की साखळ्या वाढायच्या थांबतात. श्रियाने चंबूला मनापासून नमस्कार केला आणि मग मामांनाही.

आठवड्याने तपासणीचा निकाल आला. मार्गदर्शक कृष्णराज सर बेहद्द खूश होते.

"इतक्या सारख्या साखळ्या मी कधी पाहिल्या नाहीत! रसायन मी मागवतो. अगदी अस्संच अजून दोनदा करून दाखव, की प्रबंध मंजूर."

दारात उभ्या शरणबसप्पांनी मान हलवली.

"मग दोन वर्सं तरी लागतील, सर. खंडेनवमी सालातनं एकदाच येती."